मंडपाला नँड गेट

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या मंडपाला प्रवेशद्वार म्हणून नँड गेट होतं. प्रत्यक्षात बांबूचीच कमान होती, दादरच्या फूलबाजारातून आणलेल्या झेंडूची तोरणं लावलेली. पण परवानगीसाठी जो नकाशा काढला, त्यात त्या जागी इंग्रजी डी हे अक्षर पोट पुढे काढून उभं होतं आणि पोटाच्या टोकाला एक बारीक गोळी. जे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेत ते हे चित्र ओळखतील. नँड गेटचा स्वभाव असा, की दोन्हीकडून होकार आला तरच ते नकार देतं. एरवी त्याचं सगळ्याला हो असतं. आमच्या कार्यकारिणीत या स्वभावाची माणसं आहेत, पण त्यांना नकाशात दाखवायची पद्धत नाही.

हे घडलं ते शोधपेटीमुळे. आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या हाताला आकारांचा एक पट्टा असतो, त्यांना शेप म्हणतात. पट्ट्याच्या डोक्यावर शोधायची चौकट असते. तिथे 'गेट' असं टाकलं, की अँड गेट, ऑर गेट, नॉर गेट असा सगळा कुटुंबकबिला हजर. त्यातल्या त्यात नँड गेट कमानीच्या जवळपास जाणारं दिसलं. वर्गणीसाठी 'टेबल' शोधलं तर डेटाबेसचं टेबल आलं. त्यात पहिल्याच ओळीत 'प्रायमरी की' असं लिहिलेलं. खजिनदार खूश झाले. त्यांना वाटलं, गल्ल्याच्या किल्लीची सोय आधीच करून ठेवलीय. 'फायर' शोधलं तर वाळूच्या बादलीऐवजी विटांची भिंत. तिला फायरवॉल म्हणतात आणि ती आग नव्हे, इंटरनेटवरचे आगंतुक अडवते. रांगेसाठी 'क्यू' शोधलं तर मेसेज क्यू, ज्यात संगणकाचे निरोप एकामागे एक उभे असतात. निरोपांना चक्कर येत नाही, पाणी लागत नाही आणि त्यांतला कोणी 'मी आतल्या माणसाला ओळखतो' असं म्हणत पुढे घुसत नाही. तो शेप लालबागमध्ये चालण्यातला नव्हता.

स्वयंसेवक मात्र चटकन मिळाले. 'माणूस' म्हणून जो काडीपैलवान येतो, दोन्ही हात पसरलेला, त्याचं तिथलं नाव 'अ‍ॅक्टर'. ते नाव आकृतीखाली तसंच राहिलं. आमच्या पोरांनी त्यावर हरकत घेतली नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहात ज्यांनी नुसता पडदा ओढलाय त्यांनासुद्धा आपल्याला अखेर कोणीतरी ओळखलं असं वाटलं.

आता मुळात लालबागमधल्या माणसाला सॉफ्टवेअरमध्ये मंडप काढायची काय गरज, असं तुम्ही विचाराल. गरज शेजाऱ्यांची. आमच्या भागात मंडळांची वयं सांगताना लोक आवाज खाली आणतात. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेशगल्ली १९२८ ची, लालबागचा राजा १९३४ चा. या थोरामोठ्यांच्या मधल्या फटीत आमचं मंडळ आहे. इतकी वर्षं आमचा नकाशा नाना काढायचे. नाना रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. गेल्या वर्षीच्या पावतीबुकाच्या पाठकोऱ्या पानावर पट्टी लावून, जीभ दातात धरून काढायचे; त्यात रस्ता किती, मंडप किती, गाडी जायला जागा किती, सगळं असायचं. पण महापालिकेची एक खिडकी ऑनलाइन झाली आणि अध्यक्षांच्या कानावर आलं, की पलीकडच्या गल्लीने नकाशा रंगीत जोडलाय.

"आपल्याला कंप्युटरवर पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. "एकदम प्रोफेशनल. बाण वगैरे."

बाण म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं कार्यालय लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत. आजोबा तिथेच साच्यावर होते. ते दिवसभर उभे राहून कापड काढायचे. मी दिवसभर बसून एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात बाण काढतो. या बाणांना प्रोसेस म्हणतात. आजोबांच्या कामाचं शेवटी धोतर तरी व्हायचं.

ही बाणांची विद्या काही आजची नाही. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन जोडप्याने १९२१ मध्ये तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या सभेपुढे प्रोसेस चार्ट मांडला. एखाद्या कामात हात कुठून कुठे जातो, वस्तू कुठे थांबते, हे सगळं खुणांनी दाखवायचं. या दांपत्याला बारा मुलं झाली. आमच्या घरातल्या जाणकारांचं म्हणणं, की बारा पोरांच्या घरात सकाळी न्हाणीघर कोणाला कधी, हे कागदावर मांडल्याशिवाय इलाजच नसणार. चाळीत आम्ही ते सामाईक नळावर तोंडी करायचो, आणि तेही मोठ्याने.

पुढे खुणांसाठी प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. चौकोन, शंकरपाळी, गोल अशी भोकं पाडलेली. भोकात पेन्सिल फिरवली की झालं. नानांच्या सदऱ्याच्या खिशात अशी एक हिरवट पट्टी अजून असते. मग संगणक आला. आल्डस नावाच्या कंपनीने १९८५ मध्ये पेजमेकर काढलं होतं. आपल्याकडे किती लग्नपत्रिका आणि किती पावतीबुकं त्यावर जुळवली गेली याची गणती नाही. त्याच आल्डसमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९९२ मध्ये व्हिजिओ बाजारात आणलं. कंपनीचं तेव्हाचं नाव शेपवेअर. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. कल्पना साधी होती: आकार काढत बसू नका, तयार आकार पट्ट्यातून उचला नि कागदावर ठेवा. आणि तुमच्या धंद्याचे आकार पट्ट्यात नसतील, तर तुमचे तुम्ही करून साठवा.

ते शेवटचं वाक्य ज्याने लिहिलं त्याला चाळीचा अनुभव नसावा. साठवा म्हटल्यावर आमच्याकडे काय होतं ते त्याने बघायला हवं होतं. आमच्या खोलीवरच्या माळ्यावर तीन पिढ्यांचं सामान आहे: पितळी बंब, तुटलेला कंदील, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेला सायकलचा एकच पेडल. लागतं ते कधीच हाताला येत नाही. शेपच्या संग्रहाचा हाच माळा होतो, फरक एवढाच, की डोकं वर आपटत नाही म्हणून तो भरतच जातो.

पहिली पायरी आयता संच मिळवण्याची. शहाणा माणूस मोदकाचा साचासुद्धा आधी शेजारी विचारतो. मी कार्यालयात विचारलं, "मंडपाचे, लग्नसमारंभाचे, असे शेप कोणाकडे आहेत का?" तिघांनी "आहेत ना, पाठवतो" असं सांगितलं. हे वाक्य मुंबईत 'नाही' या अर्थी वापरतात. चौथ्याने खरोखर एक फोल्डर दाखवलं. त्याचं नाव 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर दोन', त्यात 'जुनं – वापरू नये', आणि त्यात 'फायनल'. फायनलमध्ये ढगांचे आकार होते. कुठल्याशा क्लाउड कंपनीचे, निळे, नारिंगी, कोपऱ्यात बारीक बाण असलेले. ज्याने जमवले तो नोकरी सोडून पुण्याला गेला होता.

मग मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं, 'कोणाकडे चांगले शेप आहेत का?'

पहिलं उत्तर सहचिटणीसांचं. त्यांनी परळमधल्या एका व्यायामशाळेचा नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, 'दोन महिन्यांत येतो शेप. माझ्या मेव्हण्याचा आला.' दुसऱ्याने हात जोडलेले इमोजी पाठवले. तिसऱ्याने शुभ सकाळ. चौथ्याने गणपतीची चित्रं पाठवायला सुरुवात केली ती थांबेचना. मोबाइलची जागा संपली तेव्हाच ती थांबली. त्या सगळ्या चित्रांना मागे पांढरा चौकोन होता. बाप्पाला उचलून स्टेजवर ठेवलं, की तो पांढरा चौकोन समया, आरास आणि अर्धा पुजारी झाकून टाकायचा.

तेव्हा ठरलं, की आपले शेप आपणच करायचे. हे ठरवायला मी एकटा होतो, करायला मात्र अख्खी चाळ आली. कोणीतरी म्हणालं, चपलांचा स्टँड काढा. कोणी म्हणालं, ढोल वेगळा आणि ताशा वेगळा, दोन्हीला एकच शेप लावलात तर पथकवाले बोलतील. महिला मंडळाने ओटीच्या ताटाचा शेप मागितला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोजून सांगितल्या. मी काढलेल्या मोदकाला तेवढ्या नव्हत्या, त्यामुळे तो त्यांच्या मते लसूण होता. आणि अध्यक्षांनी शुभेच्छांच्या फलकाचा शेप मागितला, ज्यात मध्ये बाप्पा लहान आणि बाजूला अध्यक्ष जरा मोठे. हा फलक चुकून कोणी काढू नये म्हणून तो स्टेजला जोडून, एकगठ्ठा करून, वर कुलूप लावून ठेव, असं त्यांनी मला बजावलं. सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते. सोय आहे म्हटल्यावर कुलूप लावलं.

शेप तयार झाले, पण ते सापडण्यासाठी त्यांना नाव द्यावं लागतं. शोधपेटी आकार बघत नाही, नाव वाचते. मी 'खुर्ची' असं नाव दिलं. चिटणीसांनी रात्री बसून आणखी खुर्च्या केल्या, त्यांना 'खूर्ची' असं दीर्घ नाव दिलं. त्यांच्या भाच्याने रोमन लिपीत लिहिलं. आता ऱ्हस्व शोधलं की दीर्घ सापडेना, दीर्घ शोधलं की ऱ्हस्व गायब, आणि भाच्याच्या खुर्च्या दोघांनाही दिसेनात. प्रत्येकाला वाटलं खुर्च्या नाहीत, म्हणून प्रत्येकाने नव्या केल्या. आमच्या शाळेतल्या बाई ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीला पट्टी मारायच्या. पट्टी का, ते कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांना पुढचं दिसत होतं.

ज्यांना नावच दिलं नाही त्यांची गत आणखी वाईट. सॉफ्टवेअर त्यांना आपणहून काहीतरी नंबर देतं आणि सरळ एका ओळीत उभं करतं. इतक्या बारीक चित्रात समई आणि जनरेटर यांच्यात काहीच फरक दिसत नाही. एका मसुद्यात बाप्पाच्या उजव्या हाताला जनरेटर तेवत होता.

आणि हे सगळं ठेवायचं कुठे? एकाच गोष्टीला एका सॉफ्टवेअरमध्ये स्टेन्सिल म्हणतात, दुसऱ्यात लायब्ररी, तिसऱ्यात गॅलरी. कुठे कागदपत्रांच्या फोल्डरात ठेवतात, कुठे क्लाउडवर. काही सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतात. त्यांत हाताशी लागणारे शेप टाकायचा एक कोपरा असतो, आणि तो ब्राउझरच्याच पोटात साठतो. मला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. एका रविवारी सकाळी उघडून बघतो तर कोपरा चकचकीत रिकामा. ढोल नाही, ताशा नाही, काकूंच्या मापाचा मोदक नाही.

"कोणी हात लावला कंप्युटरला?" मी घरात विचारलं.

"मी फक्त हिस्ट्री डिलीट केली," चिरंजीव म्हणाले.

"का?"

इथे तो गप्प झाला. मीही झालो. हा प्रश्न पुढे नेला असता तर ढोल परत आला नसता आणि घरातली शांतता गेली असती. सौ. आतून म्हणाल्या, "चांगलं झालं, कोणीतरी काहीतरी साफ केलं." मी पुन्हा मोदकाला कळ्या पाडायला बसलो.

या वेळी सगळे शेप फाइलमध्ये ठेवले, फाइल तीन ठिकाणी ठेवली आणि तिन्ही ठिकाणच्या वेगवेगळ्या होत गेल्या. त्यातही एक गोम आहे. संग्रहातला आकार कागदावर ओढला, की त्याची प्रत उतरते. नंतर संग्रहातलं मूळ कितीही सुधारलं, तरी आधी उतरलेल्या प्रतीला त्याची वार्ता नसते. याचा पुरावा दादर स्टेशनवर रोज मिळतो. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नवे क्रमांक दिले, कारण पश्चिम रेल्वेचे १ ते ७ होते आणि लोकांचा गोंधळ व्हायचा. मूळ बदललं. पण आमच्या डोक्यात उतरलेली प्रत जुनीच आहे. परवाच मेव्हण्याने फोनवर सांगितलं, "दादरला सेंट्रलच्या आठ नंबरवर ये." मी नव्या आठ नंबरवर गेलो, तो पूर्वीच्या आठ नंबरवर होता, आणि दोघेही नियमाने बरोबर होतो.

मंडळात तेच झालं. उपाध्यक्षांनी मानापमानावरून राजीनामा दिला. मी संग्रहातल्या कार्यकारिणीच्या नावांच्या फलकावरून त्यांचं नाव काढलं आणि निश्चिंत झालो. नकाशात मात्र ते सगळीकडे होते: कमानीपाशी, चपलांपाशी, प्रथमोपचाराच्या खाटेपाशी. त्यांना कोणीतरी तो नकाशा दाखवला. ते म्हणाले, "माझ्याशिवाय चालत नाही, हे कागदावर आलंय," आणि राजीनामा मागे घेतला.

बाण चिकटवण्याचं शास्त्र तर निराळंच. चांगल्या शेपला कडेला बारीक बिंदू असतात, बाण तिथे चिकटतो. मग शेप हलवा, बाण बरोबर येतो. आपण घरी केलेल्या शेपला असे बिंदू आपणच द्यावे लागतात. मी बाप्पाला दिले होते, प्रसादाच्या टेबलाला द्यायचे राहिले. अध्यक्ष म्हणाले, "स्टेज जरा डावीकडे घे." घेतलं. बाप्पा डावीकडे गेले, मुखदर्शनाची रांग त्यांच्यामागे इमानाने गेली, जनरेटरमधून आरपार. प्रसादाच्या टेबलाकडे नेलेली नवसाची रांग मात्र होती तिथेच उभी राहिली. तिचं टोक फिरत्या शौचालयाला जाऊन चिकटलं होतं, आणि त्या शौचालयाला बिंदू अगदी व्यवस्थित होते.

अशा अवस्थेतला कागद छापून मी नानांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, कागद उलटा करून पाहिला.

"मेल्या," ते म्हणाले, "हो मांडव आसा काय रेडियो उघडून ठेवलंस?"

"नाना, हे शेप आहेत."

"आणि ह्यो कोण हात पसरून उभो?"

"स्वयंसेवक."

"मग बरोबर आसा. ते काय करतत नायच."

पाहणीला जे साहेब आले त्यांनी इतकंही विचारलं नाही. त्यांनी नकाशावर बोट ठेवून एवढंच म्हटलं, "अग्निशमनची गाडी कुठून जाणार?"

मी पांढऱ्या भागावर बोट ठेवलं. "इथून."

"इथे तर काहीच नाही."

"हो साहेब, तेच. तिथे काही नाही म्हणूनच गाडी जाणार."

"मग काही नाही, असं दाखवा ना."

ही मागणी रास्त होती, पण शेप नव्हता. मी सगळे संच पालथे घातले. विमानतळाच्या धावपट्ट्या होत्या, रासायनिक कारखान्याच्या टाक्या होत्या, नँड गेटची भावंडं होती. मोकळी जागा कोणाकडेच नव्हती. लालबागमध्ये ती नसणार हे आम्हाला माहीत होतं, पण जगभरच्या सॉफ्टवेअरलाही ती कधी लागली नाही याचं नवल वाटलं. शेवटी मी एक तुटक रेघांचा लांबट आयत केला, त्यात 'मोकळी जागा' असं लिहिलं आणि संग्रहात ठेवला. तेवढा एकच शेप नानांना आवडला. त्यांनी तो खिशातल्या हिरवट पट्टीने पाठकोऱ्या कागदावर लगेच काढून दाखवला. त्यांना सापडायला वेळ लागला नाही. पट्टी खिशातच होती.

दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला तर मोकळ्या जागेत दोन स्कूटर उभ्या होत्या. चिटणीसांनी ओढून आणलेल्या. "रिकामीच होती," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत तिथे चिवड्याचा स्टॉल आला, त्याच्या शेजारी एक बाकडं आलं, आणि बाकड्यावर एक अ‍ॅक्टर. साहेबांना मी शेवटी नानांचाच कागद दिला. त्यांनी पाहिला, मान हलवली नि पुढच्या गल्लीत गेले.

पण आमचा संच वाया गेला नाही. गिरगावातल्या एका मंडळाच्या कानावर गेलं, की लालबागवाल्यांकडे मंडपाचे तयार शेप आहेत. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, त्या गिरगावने आपल्याकडे काही मागावं, याने अध्यक्षांचा ऊर भरून आला. आधी ते म्हणाले, द्यायचे नाहीत, आपला देखावा फुटेल. मग म्हणाले, द्या, पण त्यांना सांगा की कोणी दिले. फाइल पाठवली.

चार दिवसांनी गिरगावच्या चिटणीसांचा फोन आला. आवाज अदबीचा होता.

"दादा, शेप फार छान आहेत हो. मोदक तर अगदी आमच्या आईच्या हातचा. एकच अडचण आहे. स्टेज हलवलं की त्याच्याबरोबर तुमचे अध्यक्षही येतात. डिलीट दाबलं, कुलूप दाखवतंय. स्टेज आम्हाला पाहिजे, पण अध्यक्ष काही निघत नाहीत. त्यांना काढायचं कसं?"

"साहेब," मी आवाज खाली आणून म्हणालो, "तुम्हाला जमलं तर आम्हालाही कळवा."